नेरळची गुळवेल आणि परळची प्रयोगशाळा

वाचकहो, नेरळ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे माथेरानची छोटी गाडी उभी राहते. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने ही गाडी १९०७ साली डोंगर चढू लागली. तिच्या खिडकीतून प्रवासी दरी बघतो, ढग बघतो, माकडे बघतो. रुळांच्या कडेच्या झाडोऱ्याकडे मात्र त्याची नजर सहसा जात नाही. तिथे कुंपणावर, आंब्यावर, एखाद्या ऐनाच्या खोडावर एक वेल चढलेली असते. पाने हृदयाच्या आकाराची, साल खरखरीत, पातळ, पापुद्र्यासारखी सुटणारी, आणि वरून सुतळीसारखी मुळे खाली लोंबणारी. हीच गुळवेल. खोडाशी तोडली तरी ती मरत नाही. वरच्या वेलीतून पुन्हा मुळे सोडते आणि जमीन गाठते. म्हणूनच संस्कृतात तिला छिन्नरुहा म्हणतात, आणि याच चिवटपणावरून बहुधा अमृता.

आज मला या वेलीची हकीगत सांगायची आहे. तिच्या अंगी किती गुण आहेत याचे स्तोत्र गायचे नाही. ती स्तोत्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जखमेतला, पोटातला किंवा छातीतला जंतुदोष रक्तात पसरून माणसाची फुप्फुसे पाण्याने भरतात, तेव्हा एखाद्या वनस्पतीतले द्रव्य त्याला वाचवू शकेल काय, असा एक प्रश्न आहे. प्रश्न वैद्यकाचा खरा. परंतु तो कोणी विचारला, कसा विचारला आणि उत्तर कुठवर आले, हा इतिहास आहे. तेव्हा इतिहासाच्या अध्यापकाने तो सांगायला हरकत नसावी.

आधी रोग समजून घेऊ. डॉक्टर ज्याला सेप्सिस म्हणतात, त्याला आपण बोलताना 'रक्तात विष भिनलं' असे म्हणतो. हे वर्णन अर्धेच खरे आहे. १८९२ साली जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी पटकीच्या जंतूंवर काम करताना दाखवून दिले, की मेलेल्या जंतूंच्या अंगातसुद्धा विष असते. तेव्हापासून पुष्कळ वर्षे अशीच समजूत होती, की जंतू विष सोडतात आणि माणूस त्या विषाने मरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. जंतू आत शिरले की शरीराचे रक्षक, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, एकमेकांना रासायनिक हाका घालतात. या हाका प्रमाणात असतील तर शत्रू मारला जातो. प्रमाण सुटले तर काय होते? गावात एक चोर शिरावा आणि राखणदारांनी त्याला हुडकण्यासाठी साऱ्या गावाला आग लावावी, तसे होते. चोर मेला तरी आग विझत नाही. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी सेप्सिसची जी व्याख्या केली, तिचा अर्थही हाच आहे : जंतुदोषाला शरीराने दिलेला, ताळतंत्र सुटलेला प्रतिसाद, ज्यामुळे अवयव निकामी होऊन जीव धोक्यात येतो.

या आगीत फुप्फुस फार लवकर सापडते. फुप्फुसातले हवेचे फुगे आणि त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या यांच्यामध्ये पडदा असतो तो अतिशय पातळ. प्राणवायूने पलीकडे जावे म्हणून तो तसाच हवा. आगीची झळ लागली की हा पडदा गळू लागतो, रक्तातले पाणी आणि प्रथिने फुग्यांत उतरतात, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो. १९६७ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथील अ‍ॅशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा बारा रुग्णांची हकीगत छापली. कोणाला अपघात झालेला, कोणाला जंतुदोष. कारणे निरनिराळी, पण फुप्फुसाची अवस्था सगळ्यांची एकच. तेव्हापासून या अवस्थेला स्वतंत्र नाव मिळाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर तिला ए. आर. डी. एस. म्हणतात.

हे लांबच्या देशातले दुखणे आहे असे मात्र समजू नका. जगात २०१७ या एका वर्षात सुमारे चार कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे एक कोटी दहा लाख लोक त्यात दगावले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. आपल्या कर्जत-खालापूरकडे बघा. आषाढात गुडघाभर चिखलात भाताची लावणी चाललेली असते. पायाला चिरा पडलेल्या असतात. बांधावरच्या उंदरांच्या मुतातून आलेले लेप्टोचे जंतू त्या चिरांतून अंगात शिरतात. बहुतेकांना नुसता ताप येतो. काहींची मात्र कावीळ वाढते, मूत्रपिंडे बसतात, फुप्फुसात रक्त उतरते. घरचे म्हणतात, 'पावसात भिजला, ताप भरला, काढा द्या.' आणि काढा दिला जातो. त्यात गुळवेल असते, अडुळसा असतो, सुंठ असते. त्या काढ्याने नेमके काय होते, हा प्रश्न म्हणूनच शिळोप्याचा नाही. एखाद्या घरी तो जीवनमरणाचा असतो.

आता जरा मागे जाऊ. चरकसंहितेत गुडूची मेध्य रसायनांत गणलेली आहे, आणि तापावरच्या कितीतरी पाठांत तिचे नाव येते. कोकणपट्टीच्या औषधींची युरोपला ओळख करून देणारा पहिला मोठा ग्रंथ गोव्यात छापला गेला, तो १५६३ साली. लेखक पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस डच लोकांनी 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला, तेव्हा मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी पंडित माहिती सांगायला बसले होते. इंग्रजी अमलात हेच काम आपल्या डोंगरापर्यंत येऊन पोहोचले. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरान चढला आणि तिथे हवा खाण्याचे गाव वसले. १८५६ साली रेल्वेचा फाटा पळसदरीवरून खोपोलीकडे गेला आणि वाटेवरचे नेरळ मुंबईला जोडले गेले. १८७१ साली डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी माथेरानची माणसे, वनस्पती आणि प्राणी यांवर पुस्तक लिहिले. नंतर न्यायाधीश बर्डवुड यांनी माथेरान आणि महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी केली. मुंबईत विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या औषधींवर ग्रंथ रचला, आणि वॉर्डन व हूपर यांच्या साह्याने 'फार्माकोग्राफिया इंडिका' सिद्ध केला.

या सगळ्या ग्रंथांमागे कोण होते? झाड दाखवणारा, पाला ओळखणारा, कधी खणायचे आणि कधी नाही हे जाणणारा माणूस. आपल्या भागात तो माणूस बहुधा ठाकर असे, नाही तर कातकरी. ग्रंथांत त्याचे नाव नाही. पण पाहा, कातकरी हे नावच एका वनस्पतीच्या उद्योगावरून पडले आहे. खैराचा तांबडा गाभा उकळून कात काढणारा तो कातकरी. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्या कातातले एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला कॅटेचिन असे नाव दिले. ते नाव कातावरूनच आले. आज दाह शमवणाऱ्या वनस्पतिद्रव्यांवरचा कुठलाही शास्त्रीय निबंध उघडा, कॅटेचिनच्या जातकुळीची द्रव्ये त्यात भेटतील. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी राने बंद होत गेली, तसा ज्यांच्या धंद्यावरून हा शब्द आला त्यांचा तो धंदा बसला. शब्द मात्र जगभर गेला.

औषधी म्हणजे एक गोष्ट आणि तिच्यातले द्रव्य म्हणजे दुसरी, ही दृष्टी एकोणिसाव्या शतकाची. तिचे आपल्या अंगणातले उत्तम उदाहरण अडुळसा. डायमॉकचे सहकारी डेव्हिड हूपर यांनी १८८८ साली अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळे केले. अडुळशाचे संस्कृत नाव वासक; त्यावरून या द्रव्याला व्हॅसिसिन म्हणू लागले. १९६० नंतरच्या दशकात त्याच रेणूच्या धर्तीवर जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनवले, आणि त्यातून पुढे अँब्रोक्सोल आले. खोकल्याची बाटली आणली की तिच्या चिठ्ठीवर ही नावे वाचून बघा. कफ पातळ करण्याचे काम ही औषधे करतात. म्हणजे आजीने पिळून दिलेला अडुळशाचा रस आणि दुकानातली बाटली यांचे नाते खरेच रक्ताचे आहे. पण नाते असले म्हणून दोन्ही एक नव्हेत. बाटलीत किती मिलिग्रॅम हे ठरलेले असते. पानात ते ऋतूनुसार आणि जागेनुसार बदलते. आणि हेही ध्यानात घ्या, की कफ पातळ होणे वेगळे आणि गळणारा पडदा सांधणे वेगळे.

आता नेरळहून लोकल पकडून परळला जाऊ. कर्जत-नेरळकडचा अवघड रुग्ण मुंबईस न्यायचा झाला की अजूनही पुष्कळदा जिथे नेतात, ते केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले, आणि त्याला जोडून सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. देशी वनस्पतीला आधुनिक कसोटीवर लावण्याची परंपरा इथे जुनी आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, आणि साऱ्या जगाचे लक्ष त्या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे निघाले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

याच महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात १९८० नंतरच्या दशकात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेल हाती घेतली. मराठी वाचक त्यांना 'फुलवा'सारख्या पुस्तकांच्या लेखिका म्हणून ओळखतो. झाडाफुलांवर इतक्या मायेने लिहिणारी लेखणी मराठीत विरळा. पण प्रयोगशाळेत ही माया बाजूला ठेवून त्या काम करीत. डॉ. करंदीकर, डॉ. उर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे हे त्यांचे सहकारी. प्रश्न त्यांनी फार नेमका विचारला. आयुर्वेद ज्यांना रसायन म्हणतो, त्या वनस्पती रोगाला मारतात, की रोग्याला बळ देतात? यासाठी त्यांनी उंदरांना काही दिवस गुळवेल, शतावरी अशा वनस्पती दिल्या आणि मग त्यांच्या पोटात जंतुदोष निर्माण केला. गुळवेल घेतलेले उंदीर अधिक संख्येने वाचले. काचपात्रात मात्र गुळवेलीचा अर्क जंतूंना मारताना दिसला नाही. याचा अर्थ असा, की वेल स्वतः लढत नव्हती, लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळ वाढवीत होती. १९९२ साली हे काम प्रसिद्ध झाले.

मग प्रश्न माणसाचा आला. केईएमचे शल्यविशारद डॉ. रवी बापट यांच्याकडे पित्तनलिका अडून कावीळ झालेले रुग्ण येत. अनेकांच्या बाबतीत ती अडचण कर्करोगाने आलेली असे. असे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सेप्सिसने दगावण्याचा धोका मोठा, कारण तुंबलेल्या पित्तामुळे यकृतातल्या आणि रक्तातल्या रक्षक पेशी मंदावलेल्या असतात. ३० रुग्ण निवडले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार : क जीवनसत्त्व नव्हे बरं का, रक्त गोठवणारे के जीवनसत्त्व, शिवाय प्रतिजैविके आणि नळीवाटे पित्ताचा निचरा. दुसऱ्या गटाला हे सगळे आणि जोडीला गुळवेलीचा अर्क, शरीराच्या दर किलो वजनास रोज १६ मिलिग्रॅम. १९९३ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांना सेप्टिसीमिया झाला, दुसऱ्यात कोणालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले ४० टक्के जगले. दुसऱ्या गटातले ९२.४ टक्के.

वाचकहो, हे आकडे वाचून छाती भरून येते. येऊ द्या, पण क्षणभर थांबा. आकडा आनंदाचा असतो तेव्हाच तो दोनदा वाचायचा असतो. पहिली गोष्ट, रुग्ण तीसच होते. इतक्या लहान संख्येत चार-दोन रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी उडी मारते. दुसरी गोष्ट, गुळवेल देताना प्रतिजैविके थांबवलेली नव्हती. ती जोडीला होती. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. उंदराला वेल आधी मिळाली, जंतू नंतर. रुग्णाला ती शस्त्रक्रियेच्या आधी, निचऱ्याच्या काळात मिळाली. हल्ला कधी होणार हे ठाऊक होते आणि तटबंदी आधीच बांधली गेली. भातशेतीतला आजारी माणूस दवाखान्यात येतो तेव्हा तट पडलेला असतो आणि आग लागलेली असते. त्या घटकेला राखणदारांना आणखी चेव आणणे हिताचे की अहिताचे, हे त्या प्रयोगाने सांगितलेले नाही. सांगण्याचा दावाही केलेला नाही. आणि फुप्फुसाचा तर तो प्रयोगच नव्हता. तीस रुग्णांनी एक दार किलकिले झाले. त्या दारातून आत जायचे तर शेकडो रुग्णांच्या, अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चालणाऱ्या चाचण्या हव्यात. सेप्सिसच्या उपचारांचे जे आंतरराष्ट्रीय नियम २०२१ साली निघाले, त्यांत गुळवेलीला जागा नाही.

'मोठी चाचणी कशाला? गुण आला ना, मग झालं!' असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर इतिहासच देतो. सेप्सिसच्या रानात उंदरांना वाचवणारी आणि माणसाला न वाचवणारी औषधे पाचोळ्यासारखी पडली आहेत. ड्रोट्रेकोजिन आल्फा हे औषध अमेरिकेत २००१ साली मोठ्या अपेक्षेने मान्य झाले. दहा वर्षांनी, नव्या चाचणीत उपयोग दिसला नाही म्हणून २०११ साली ते कंपनीनेच बाजारातून काढून घेतले. हे काही जंगलातले औषध नव्हते. अत्याधुनिक प्रयोगशाळेतले होते. कसोटी सर्वांना सारखी.

आपल्या हळदीचेही तसेच. हळदीतले पिवळे द्रव्य कर्क्युमिन १८१५ साली वेगळे निघाले आणि १९१० मध्ये त्याची रचना कळली. पेशींमध्ये दाहाचा हुकूम सोडणारी जी यंत्रणा आहे, तिला कर्क्युमिन लगाम घालते, असे काचपात्रात दिसले. प्राण्यांच्या सुजलेल्या फुप्फुसांवरही प्रयोग झाले. अडचण अशी, की खाल्लेल्या हळदीतले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. हळदीने जखम भरते यावरचे अमेरिकन पेटंट १९९५ साली दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ साली रद्द करवले. ती आपली मोठी जीत होती. पण ती जीत कशाची, ते विसरू नये. हळद आम्ही पूर्वीपासून वापरत आलो, ही वहिवाट तिथे सिद्ध झाली. सेप्सिसमध्ये हळदीचा गुण सिद्ध होणे ही निराळी बाब. वहिवाटीचा पुरावा आणि गुणाचा पुरावा यांत आपण फार वेळा घोटाळा करतो.

मग वनस्पतींच्या वाट्याला या लढ्यात यश आलेच नाही काय? आले आहे, आणि दोन ठिकाणी.

पहिले चीनमध्ये. तिथे पाच वनस्पतींपासून केलेले शुएबीजिंग नावाचे इंजेक्शन २००४ पासून वापरात आहे. त्या पाचांतली एक आपली करडई; सोलापूरकडच्या शेतात डुलणारी, फलटणच्या निंबकर संशोधन संस्थेने जिचे बिनकाट्याचे वाण काढले तीच. तिच्या पाकळ्या त्यात पडतात. चिनी डॉक्टरांनी ४५ अतिदक्षता विभागांतून १,८१७ सेप्सिसचे रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले, आणि कोणाला खरे औषध, कोणाला नुसते पाणी हे रुग्णाला आणि डॉक्टरला कळू दिले नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : २८ दिवसांत औषधाच्या गटातले १८.८ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले २६.१ टक्के. इतर देशांत याचा पडताळा अजून यायला हवा. पण चाचणी कशी करावी, याचा हा धडा आहे. आणि हो, करडईच्या पाकळ्यांचा चहा म्हणजे ते इंजेक्शन नव्हे.

दुसरे यश अधिक गमतीचे आहे, कारण त्यात वनस्पती होती हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कर्जतच्या रानात कातकरी बायका करांदे खणतात, रात्रभर पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा काढतात आणि उकडून खातात. करांद्याच्याच कुळातला एक कंद मेक्सिकोत वाढतो. १९४० नंतर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी अशा कंदांतल्या डायोस्जेनिन या द्रव्यापासून संप्रेरके बनवण्याची युक्ती काढली. तोवर सोन्याच्या भावाने विकली जाणारी स्टिरॉइड औषधे या वाटेने स्वस्त झाली. २०२० च्या करोनाच्या साथीत फुप्फुसाची आग कोणी विझवली? इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने, श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले. २०२३ साली फ्रान्समध्ये गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णांत हायड्रोकॉर्टिसोनने मृत्यूचे प्रमाण ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले. ही औषधे सामान्यांच्या आवाक्यात आली, त्या वाटेच्या सुरुवातीला एक रानकंद आहे. परंतु कंद खाऊन कोणाचे फुप्फुस बरे झाले नाही. कंद, मग द्रव्य, मग रसायनशास्त्रज्ञाने पालटलेले द्रव्य, मग मात्रा, मग चाचणी. इतक्या पायऱ्या चढल्यावर ते औषध झाले.

पायऱ्या न चढता उडी मारली की काय होते, तेही त्याच साथीत दिसले. २०२० मध्ये घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. शहापूर तालुक्यात कातकऱ्यांच्या गटांना गुळवेल गोळा करण्यातून चार पैसे मिळाले, ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली, गुळवेल घेत असताना यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीगत छापली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. कित्येकांत, शरीराचे रक्षक आपल्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली, आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक जात अपायकारक असू शकते, ती ओळखून टाळा, असे सांगितले. वाद असो. पण ज्या वेलीने रक्षक जागे होतात असे परळच्या प्रयोगशाळेने दाखवले, तीच वेल रोज महिनोन् महिने घेतली तर काही माणसांत ते रक्षक नको तिथे जागे होतील, यात अतर्क्य असे काही नाही. ज्याला गुण आहे त्याला अवगुण असणारच. ज्याने काहीच होत नाही, तेच फक्त पूर्ण निर्धोक.

तेव्हा नेरळच्या, कशेळ्याच्या, कळंबच्या वाचकाने या इतिहासातून काय घ्यावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन गोष्टी.

पहिली रोजच्या उपयोगाची. ताप असताना माणसाचा श्वास भराभर चालू लागला, तो बरळू लागला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर चुलीवर काढा ठेवण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. तिथे प्राणवायू मिळेल, सलाईन मिळेल, योग्य प्रतिजैविक मिळेल. या रोगात तासांचा हिशेब असतो. श्वसनयंत्राचेही एक साधे शहाणपण जगाला २००० साली कळले : सुजलेल्या फुप्फुसात हवा थोडी थोडी भरावी. ८६१ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या एवढ्या बदलाने मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. हे काढ्यात नाही, आणि कुठल्या गोळीतही नाही; ते फक्त रुग्णालयात आहे. काढा घेतला असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. त्यात लाज कसली? त्यांना ते कळणे उपयोगाचेच असते.

दुसरी गोष्ट दूरच्या उपयोगाची. डहाणूकरांनी वेलीची पूजा केली नाही आणि तिला हसल्याही नाहीत. त्यांनी तिला प्रश्न विचारला, उत्तर आकड्यांत मांडले आणि आपल्या उत्तराची मर्यादा ओळखली. त्यांच्यापाशी होते ते एक रुग्णालय, थोडे सहकारी आणि डोंगराडोंगरांतून आलेले जुने ज्ञान. यांतले तिसरे धन आजही आपल्या दाराशी आहे. कुठली वेल कुठल्या झाडावरची घ्यावी, कधी घ्यावी, कुठली दिसायला तशीच पण घेऊ नये, हे सांगणारी म्हातारी माणसे ठाकरवाड्यांत, कातकरीवाड्यांत अजून आहेत. दोन जातींच्या घोटाळ्याने यकृत बिघडत असेल, तर ही पारख नुसती लोककथा नव्हे. औषधशास्त्राची ती पहिली पायरी आहे. आमच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी वह्या घेऊन त्यांच्याकडे जावे, लिहून घ्यावे, आणि सांगणाऱ्याचे नाव वर घालावे. मागच्या शतकांच्या ग्रंथांत ते राहून गेले. या शतकात तरी राहू नये.

पुढच्या खेपेला नेरळला उतराल तेव्हा छोट्या गाडीला अवकाश असेल, तर स्टेशनाबाहेरच्या कुंपणाकडे जरा बघा. ती वेल तिथे असेल. तोडली असली, तरी असेल. तिच्याकडून अजून पुष्कळ उत्तरे यायची आहेत. विचारणाऱ्याने मात्र नीट विचारले पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत आपल्या माणसाला दवाखान्यात नेले पाहिजे.